अडतीस मिनिटांची डाळ

आमच्या मागच्या खोलीतल्या मांडणीवर त्रेचाळीस बाटल्या आहेत. बायको त्यांना ‘तुमचं लोणचं’ म्हणते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि त्या दिवशी विहिरीचं पाणी काठड्यापासून किती फूट खाली होतं तो आकडा. पहिल्या बाटल्यांमधलं पाणी काळं आहे, मधल्यांमधलं चहासारखं. शेवटच्या बाटल्या पाहून आलेला पाहुणा विचारतो, या रिकाम्या बाटल्या बूच लावून का ठेवल्यात? पण काळ्या बाटल्यांच्या रांगेत मध्येच एक बाटली स्वच्छ पाण्याची आहे. त्या एका बाटलीने आमचं सगळं प्रकरण जवळजवळ बुडवलं होतं, आणि त्यात माझाही हात होता.

मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. चंचुपात्रं धुणं, द्रावणं करणं, वह्यांत नोंदी ठेवणं हे माझं काम. घरी थोडी शेती आहे. आमचं गाव शेवगावच्या अलीकडे, काळ्या रानात. इथे बोअर घेतलं तर पाणी लागतं, पण ते मचूळ आणि जड. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. डाळ शिजणं हे आमच्याकडे पाण्याचं खरं प्रमाणपत्र. सोयरीक जुळवताना पूर्वी लोक विचारायचे, तुमच्या गावच्या पाण्यात डाळ शिजते का?

आमच्या वस्तीवर डाळ शिजवणारी विहीर एकच होती. ती माझ्या चुलतीची. चुलते गेल्यापासून काकू एकटीच वस्तीवर राहते, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. विहीर सात परस, म्हणजे पन्नासेक फूट खोल, आतून दगडी बांधलेली. मालकी काकूची, पण पाणी वस्तीवरच्या अकरा घरांचं. तिथे कोणी कोणाला विचारत नाही, हंडा भरायचा आणि निघायचं. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आमच्या विहिरीला कधी झाकण नव्हतं, याचं आम्हाला कधी वाटलं नाही.

या विहिरीचा आकडा माझ्याकडे आधीपासून होता, आणि तो योगायोगाने होता. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एकदा मी मुलींच्या एका गटाकडून साधा प्रयोग करून घेतला होता. एक वाटी तूरडाळ, चार वाट्या पाणी, तेच पातेलं, गॅसची तीच शेगडी, ज्योत मध्यम. डाळ न भिजवता टाकायची आणि दाणा बोटांत चुरडेपर्यंत घड्याळ लावायचं. बोअरच्या पाण्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. नळाच्या पाण्याला एक तास पाच. काकूच्या विहिरीच्या पाण्याला अडतीस मिनिटं. प्रदर्शनात आमचा नंबर आला नाही, पण नोंदवहीवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का बसला. त्या शिक्क्याची किंमत मला नंतर कळली.

वस्तीपासून दीडेक किलोमीटरवर, चढाच्या बाजूला, एका कंपनीचा मळीपासून अल्कोहोल काढण्याचा कारखाना आहे. त्याचं उरलेलं काळं पाणी साठवायला कंपनीने मातीचा बांध घालून तळं केलं होतं. एका वर्षी परतीचा पाऊस चार दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी सकाळी बांध फुटला. काळं पाणी ओढ्याने खाली आलं, ओढ्याकाठच्या वाफ्यांत पसरलं आणि जमिनीतून विहिरीत उतरलं. मी शाळेतून आलो तेव्हा काकू काठड्याशी उभी होती. पोहरा वर घेतला होता. त्यात गुळाच्या काकवीसारखं दिसणारं, पण कुजलेल्या वासाचं पाणी होतं.

“हे बघ,” काकू म्हणाली. “माझी हीर मेली.”

त्याच संध्याकाळी साडेपाचला मी पहिली बाटली भरली. मी काही फार दूरचा विचार केला नव्हता. मला नोंद ठेवल्याशिवाय करमत नाही, एवढंच. पण पुढे दर रविवारी साडेपाचला एक बाटली भरत गेलो, रंग बदलू लागला की रोज, आणि नंतर नंतर महिन्याला एकच. उजेडाने रंग उडू नये म्हणून बाटल्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या. रंगाला शब्द हवा म्हणून चहाचं माप घेतलं: काळा, कोरा चहा, दुधाचा चहा, फिका चहा. गावातल्या आमच्या घराशेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. त्यांनी या कामावरून माझं नाव मापाडी ठेवलं. बाटली घेऊन निघालो की ओट्यावरून आवाज यायचा, “निघाले मापाडी. आज किती कप?”

कंपनीने चार दिवसांत टँकर सुरू केला, हे सांगायला हवं. नंतर त्यांचं पत्र आलं. टँकर ‘माणुसकीच्या नात्याने’ दिला आहे, आणि विहिरीचं पाणी खतांमुळे आणि शेणखताच्या उकिरड्यामुळे बिघडलं असावं, असं त्यात होतं. काकूचा उकिरडा विहिरीच्या खालच्या बाजूला आहे. पाणी चढाला जात नाही, हे मी उत्तरात लिहिलं आणि सोबत नकाशा जोडला. तक्रार अर्जावर अकरा घरांच्या सह्या घेतल्या. काही दिवसांनी निरोप आला की प्रदूषण खात्याचे अधिकारी अमुक दिवशी अकरा वाजता विहिरीचा नमुना घ्यायला येणार आहेत.

आदल्या संध्याकाळी मी बाटली भरायला गेलो तेव्हा काकूने विचारलं, “का रं, सात परस हिरीला टीसीएल पावडर किती टाकायची?”

माझ्यात एक खोड आहे. कोणी माप विचारलं की मी ते का विचारलं हे विचारत नाही, उत्तर काढून देतो. पाण्यातले जंतू मारायची ही ग्रामपंचायतीची पावडर काकूकडे असायचीच, पूर्वी ती महिन्यातून एकदा टाकायची. मला वाटलं तेच असेल. विहिरीचा व्यास माहीत होता, पाण्याची खोली त्या दिवशीचीच मोजलेली होती. खिशातल्या चिठ्ठीवर मी हिशेब केला, पावडरीचं वजन लिहिलं, खाली ‘आधी बादलीत कालवून, निवळी टाकावी’ असंही लिहिलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी अकराला वस्तीवर पोहोचलो. अधिकारी नुकतेच जीपमधून उतरत होते. मी विहिरीकडे पाहिलं. काठडा चुन्याने रंगवलेला होता. भोवती सडा घातला होता. तीन मोटारी लावून पहाटे साडेपाचपासून विहीर उपसली होती. ड्रायव्हर शेजारी स्वतः आत उतरून कपारी घासून आले होते आणि ओल्या लेंग्याने, मोठ्या समाधानाने उभे होते. झऱ्याचं नवं पाणी दोन हात चढलं होतं, तळातला दगड दिसत होता. आणि काठड्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून दगडाखाली, माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती.

नमुना घेणाऱ्या बाईंनी बाटली नाकाशी नेली. “पावडर टाकली आहे का?”

“टाकली की,” काकू म्हणाली. “मोजून.”

बाईंनी नमुना घेतला, सील केला आणि कागदावर सह्या घेतल्या. मीही सही केली. विहीर आज पहाटे धुतली आहे, हे एक वाक्य मी तेव्हा म्हणायला हवं होतं. काकू इतक्या आनंदात होती, पाहुण्यांना चहा देत होती, की ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोंदींत एवढी मोठी जागा मी दुसरीकडे कुठे कोरी सोडलेली नाही.

जीप गेल्यावर मी म्हणालो, “काकू, विहीर का धुतली?”

“म्हंजी? साहेब लोक येनार, आन घान दावायची?”

“घाण दाखवायलाच बोलावलं होतं त्यांना.”

ड्रायव्हर शेजाऱ्यांनी ओला लेंगा पिळायचं थांबवलं. ते म्हणाले, “आता कळालं बघा, तुम्ही शाळेत का आणि आम्ही एसटीत का.”

त्या संध्याकाळची बाटली स्वच्छ भरली. दुसऱ्या दिवशी किंचित पिवळट. तिसऱ्या दिवशी फिका चहा, पाचव्या दिवशी कोरा, आणि नवव्या दिवशी पुन्हा काळं. जमिनीत मुरलेलं पाणी झऱ्यावाटे परत येत होतं. मात्र खात्याच्या कागदावर नवव्या दिवसाला जागा नव्हती. नमुना समाधानकारक आला. कंपनीने त्या अहवालाची प्रत जोडून पत्र पाठवलं: विहीर दूषित नसल्याने टँकर बंद करण्यात येत आहे.

काकूने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजी माझ्या हिरीला काय झालंच न्हाई?”

“कागदावर नाही.”

“आन मी काय खोटं बोलती व्हय?”

टँकर गेला याचं दुःख होतंच, बायका पुन्हा दोन किलोमीटरवरून हंडे आणू लागल्या. पण काकूला जास्त लागलं ते दुसरंच. चाळीस वर्षं तिच्या विहिरीने वस्ती पोसली होती आणि आता काकूच तक्रारखोर ठरली होती. कंपनीने मध्ये एकदा नवं बोअर घेऊन देतो असं सुचवलं होतं. ती म्हणाली होती, “बोर नको. माझी हीर हुती तशी द्या.” तिची मागणी एवढीच होती आणि शेवटपर्यंत तेवढीच राहिली.

आम्ही अपील केलं. नगरला सुनावणी लागली. बोर्डावर अहिल्यानगर आलं आहे, आमच्या तोंडात अजून नगरच येतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून काय बोलायचं ते ठरवत होतो. विहीर धुतल्याचं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

“सांगायचं नाही,” ड्रायव्हर शेजारी म्हणाले. “बाटल्या दाखवा, दुसरा नमुना मागा आणि गप बसा. धुतली म्हणालात की ते म्हणणार, तुम्ही पाण्यात ढवळाढवळ केली. मग तुमच्या बाटल्या पण खोट्या.”

“पण त्या स्वच्छ बाटलीचं काय सांगू? ती रांगेत आहे.”

“ती घरी ठेवा.”

“मग तारीख तुटेल.”

“मापाडी, एक बाटली फुटली असं म्हणता येत नाही का माणसाला?”

“नाही फुटली ना पण.”

बायको आत भाकरी थापत होती. ती म्हणाली, “भाऊजी, नका ह्यांच्या नादी लागू. लग्नात ह्यांनी मला स्वतःची उंची पाव इंच कमी सांगितली होती, कारण चपला काढून मोजली होती.”

शेवटी सगळ्या बाटल्या न्यायचं ठरलं. टोमॅटोच्या दोन क्रेटमध्ये गोणपाट घालून त्या बसवल्या. शेजाऱ्यांनी ओळखीच्या माणसाचा टेम्पो आणला आणि स्वतः चालवला. खड्डा आला की मी क्रेट धरायचो आणि ते म्हणायचे, “एवढ्या हळू मी नवरदेवसुद्धा नाही नेला.”

सुनावणी एका लांब टेबलाच्या खोलीत होती. टेबलाच्या टोकाला मध्यमवयीन अधिकारी, आमच्यासमोर कंपनीचे वकील, त्यांच्या शेजारी कंपनीचे पर्यावरणाचे काम पाहणारे एक साहेब. हे साहेब सोलापूरकडचे, तिशीचे, स्वच्छ बुटांचे. मी बाटल्या तारखेप्रमाणे मांडल्या. शाळेची नोंदवही ठेवली. वकिलांनी स्वच्छ बाटली उचलली आणि विचारलं, “ही बघा. खात्याच्या अहवालाशी जुळते. मग बाकीच्या कुठल्या डबक्यातून भरल्या?”

मी उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात काकूने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

“साहेब,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली, “त्या दिवशी हीर आमीच धुतली.”

ड्रायव्हर शेजाऱ्यांनी छताकडे पाहिलं.

“का धुतली?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“तुमी लोक येनार हुता ना. तुमी माझ्या घरी येनार असता तर मी घर झाडून ठेवलं असतं का न्हाई? तीन मोटारी लावल्या. पावडर टाकली. माप ह्यानं काढून दिलं.” तिने माझ्याकडे बोट केलं.

मी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ती मी जपून ठेवली होती. मग मी उभा राहून ते वाक्य म्हणालो जे त्या दिवशी अकरा वाजता म्हणायला हवं होतं.

वकील लगेच म्हणाले, “म्हणजे नमुन्यात छेडछाड केल्याचं अर्जदार स्वतः मान्य करतात.”

अधिकाऱ्यांनी चिठ्ठी वाचली. मग नोंदवही चाळली. मग म्हणाले, “छेडछाड माणूस स्वतःच्या फायद्याची करतो. यांनी तुमच्या फायद्याची केली. आणि ती पण वजन करून.” ते हसले नाहीत, पण कारकून हसला. त्यांनी स्वच्छ बाटलीपासून पुढच्या नऊ बाटल्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. पाणी दिवसागणिक कसं काळं होत गेलं ते त्या रांगेत दिसत होतं. ती स्वच्छ बाटली घरी राहिली असती तर ते दिसलं नसतं. विहीर उपसून पाणी पुन्हा काळं येतं, याचा अर्थ घाण विहिरीत पडलेली नाही, जमिनीतून येते आहे. उकिरड्याचा विषय तिथेच संपला.

दुसरा नमुना न सांगता घ्यायचा, असा हुकूम झाला. तो कधी घेतला हे आम्हालाही नंतरच कळलं. मी शाळेत होतो, काकू शेळीला पाला आणायला गेली होती. नमुना घेऊन गेलेल्यांना कोणी चहासुद्धा दिला नाही, याची खंत तिने चार दिवस बोलून दाखवली. अहवाल आला आणि तो आमच्या बाटल्यांसारखाच होता.

अंतिम हुकुमात कंपनीवर जबाबदारी निश्चित झाली. तळं पक्कं करून आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर घालायचं, ओढ्यातला काळा गाळ उचलायचा, आमची विहीर दर पंधरा दिवसांनी स्वखर्चाने उपसायची, पाण्याचा नमुना चांगला येईपर्यंत टँकर चालू ठेवायचा. वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, अर्जदारांना काही म्हणायचं आहे का?

“तुमचा कागद बरं म्हनंल,” काकू म्हणाली, “पन माझी डाळ न्हाई शिजली तर?”

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि शेवटी एक ओळ वाढवली: नमुना समाधानकारक आल्यानंतर विहीरमालकाने विहीर पूर्ववत झाल्याचं लेखी दिल्यावरच वरील जबाबदारी संपेल. त्या ओळीमुळे पुढची दोन वर्षं काकूच्या सहीसाठी कंपनीचा माणूस आमच्या वस्तीवर येत राहिला.

ते सोलापूरकडचे साहेब. पहिल्या वर्षी ते आले ते रागावलेले होते. बुटांना चिखल लागला की बघत राहायचे. कामाला मात्र चोख होते. विहीर उपसायच्या दिवशी ते स्वतः हजर असायचे आणि माझ्या वहीत सही करायचे. तळ्याला अस्तर घातलं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांधे दाखवले. मी मोजायची टेप घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी दुसरं टोक धरलं.

पहिला पावसाळा गेल्यावर नमुना बरा आला. साहेब कागद घेऊन आले. काकूने पातेलं काढलं. शेगडी तीच हवी म्हणून मी शाळेची शेगडी आणली होती, आणि डाळ त्याच वर्षीची, काकूने घरच्या जात्यावर भरडलेली. जुनी डाळ उशिरा शिजते आणि दोष पाण्यावर जातो. अडतीस मिनिटांना दाणा टणक होता. पन्नासलाही टणक. एक तास दोन मिनिटांनी चुरडला.

“न्हाई,” काकू म्हणाली. साहेबांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या वेळी उन्हाळ्यात आले, तेव्हा एकोणपन्नास मिनिटं लागली. त्या दिवशी साहेब घड्याळाकडे बघत बसले होते. पंचेचाळीस मिनिटं झाल्यावर म्हणाले, “काकू, माझी बढती तुमच्या डाळीत अडकली आहे हो.”

“मग गॅस मोठा करू का?”

“करा की.”

“ज्योत बदलायची नाही,” मी म्हणालो.

दोघं माझ्याकडे असं बघायला लागले की जणू तेच एका बाजूचे आणि मी दुसऱ्या. ती डाळ शिजल्यावर सही झाली नाही, पण काकूने साहेबांना जेवायला बसवलं. साहेबांनी बूट दाराबाहेर काढले आणि ते भिंतीला टेकून बसले. लोणचं दोनदा मागून घेतलं.

गेल्या वर्षीचा पावसाळा चांगला झाला. ओढा धुऊन निघाला, त्याच्या काठी पुन्हा लव्हाळे आले. ऊसतोडीला गेलेली वस्तीवरची दोन घरं परत आली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी हंडा काकूच्या विहिरीत सोडला, कोणाला न विचारता. बाटल्यांचा रंग माझ्या चहाच्या मापात बसेना, फिक्यापेक्षा फिका. तिसरा नमुना चांगला आला आणि साहेब कागद घेऊन तिसऱ्यांदा आले. या वेळी सोबत त्यांनी सोलापुरी शेंगाचटणी आणली होती.

ड्रायव्हर शेजारी आले, बायको आली, मी घड्याळ मांडीवर घेतलं. पस्तीस मिनिटांना काकूने पळीने चार दाणे काढले. फुगले होते, पण मधे कणी होती. अडतीसला कणी होती. साहेबांनी मान खाली घातली. एकेचाळीस मिनिटांना काकूने दाणा बोटांत घेतला आणि तो लोण्यासारखा पसरला.

“झाली,” ती म्हणाली. “आन कागद.”

“काकू, एकेचाळीस झाली,” मी म्हणालो. “आधी अडतीस होती.”

“म्हाईत हाय.”

“हुकुमात पूर्ववत लिहिलंय. पूर्ववत म्हणजे अडतीस.”

“तीन मिनिटं सोडली मी. माझं बी वय वाढलंय, मला बी हिरीपासनं घरला यायला तीन मिनिटं जास्त लागत्यात. तिला एवढं बोलायचं का?”

ड्रायव्हर शेजारी म्हणाले, “सोडा की मापाडी. एसटी तीन मिनिटं उशिरा आली तर आम्ही वेळेवर लिहायचो.”

मला ते पटलं नव्हतं आणि चेहऱ्यावर ते दिसत असणार. काकूने कागद पुढे ओढला. त्यावर कंपनीने छापून आणलं होतं: विहीर पूर्ववत झाली असून माझी काही तक्रार नाही. तिने मला तो वाचायला लावला आणि म्हणाली, “ह्यातलं पूर्ववत खोड. लिही, डाळ एकेचाळीस मिनिटांत शिजली. आधी अडतीस लागत हुती. बांध फुटल्याच्या दिवशी ह्या पान्यात डाळ शिजतच नव्हती. आन तक्रार न्हाई म्हनू नको. लिही, आता तक्रार न्हाई.”

साहेबांनी थांबवायला हात थोडा उचलला. मग खाली घेतला. मी लिहिलं. छापलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, म्हणजे खालचं वाचता येईल. काकूने सही केली. तिची सही दुसरीच्या वहीतल्यासारखी आहे, एकेक अक्षर सुटं. मग कागद तिने साहेबांकडे सरकवला.

“खोडलं तिथं तुमची बी सही करा. न्हाईतर उद्या म्हनाल, म्हातारीनं नंतर खोडलं.”

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. पेन हातात घेऊन त्यांनी ती वाक्यं पुन्हा वाचली, ओठ हलवत. बांध फुटल्याच्या दिवशी या पाण्यात डाळ शिजतच नव्हती, हे वाक्य कंपनीच्या कोणत्याही पत्रात आजवर आलेलं नव्हतं. तिथे कायम ‘कथित’ घटना आणि ‘तथाकथित’ दूषित पाणी असायचं. साहेबांनी खोडलेल्या जागी छोटी सही केली, आणि मग कोणी न सांगता खाली पूर्ण सही करून पद आणि तारीख लिहिली. माझ्याकडे पाहून विचारलं, “वेळ पण लिहू?”

“लिहा,” मी म्हणालो. “बारा वाजून दहा मिनिटं.”

त्यांनी लिहिली. काकूने तोवर डाळीला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली होती. भात आधीच झालेला होता. आम्ही सगळे ओळीने बसलो. एक वाटी डाळ एवढ्या माणसांना पुरणार नव्हती, म्हणून तिने त्यात पाणी वाढवलं, विहिरीचं, आणि पुन्हा एक उकळी आणली.

कागदाची प्रत बाटल्यांच्या मांडणीवर आहे. बायको म्हणते आता तरी बाटल्या ओतून टाका, मांडणी मोकळी होईल. मी अजून ओतल्या नाहीत. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी साडेपाचला, मी एक नवी भरतो. गेल्या महिन्यात पंचायतीची माणसं पाणी तपासायला येणार असा निरोप आला, तेव्हा काकूने मला हाक मारून विचारलं, “हीर झाडू का नको?”

“नको,” मी म्हणालो.

“सडा तरी घालू?”

सड्याचं पाणी विहिरीत जात नाही, हे मी काठड्यापासून अंतर मोजून पाहिलं आणि मग हो म्हणालो.